तळ्याकाठची लेखिका : फ्लोरा न्वापा



परदेशातील थोर व्यक्तींची ओळख करून घेताना आपली नजर बहुधा युरोप-अमेरिकेकडे जाते. आफ्रिकेचे नाव निघाले तर नेल्सन मंडेला यांच्यापुढे आपली यादी सहसा सरकत नाही. म्हणून या अंकासाठी आम्ही पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया या देशातील एका लेखिकेची निवड केली आहे. त्यांचे नाव फ्लोरा न्वापा. त्या शिक्षिका होत्या, विद्यापीठातील अधिकारी होत्या, मंत्री होत्या, प्रकाशकही होत्या. परंतु जग त्यांना ओळखते ते वेगळ्याच कारणाने. बाजारात, पाणवठ्यावर आणि अंगणात चाललेले बायकांचे बोलणे हाही साहित्याचा विषय होऊ शकतो, हे त्यांनी आपल्या लेखनातून दाखवून दिले.

इग्बो लोक आणि त्यांची बोली

फ्लोरा न्वापा इग्बो समाजातल्या. नायजेरियाच्या आग्नेय भागात, नायजर नदीच्या पूर्वेस, हा समाज प्रामुख्याने राहतो. आज इग्बो भाषा बोलणारे कोट्यवधी लोक आहेत. ही भाषा सुरांची आहे. शब्द तोच, पण सूर चढा की उतरता यावर अर्थ बदलतो. 'अक्वा' हा एकच शब्द सुराप्रमाणे रडणे, कापड, अंडे किंवा बिछाना असे चार अर्थ देतो. परक्याने चुकीच्या सुरात अंडे मागितले तर दुकानदार बुचकळ्यात पडायचा!

या भाषेची आणखी एक गंमत आहे. मराठीत आपण तो, ती आणि ते अशी तीन लिंगे मानतो. टेबल ते, खुर्ची ती, पंखा तो. इग्बोत हा भेदच नाही. पुरुष असो, स्त्री असो की वस्तू, सर्वांना 'ओ' हे एकच सर्वनाम. इफी अमाडियुमे या इग्बो विदुषीने १९८७ मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या ग्रंथात या गोष्टीचा समाजाशी संबंध जोडून दाखवला. भाषेत स्त्री-पुरुष भेद कडक नसल्यामुळे समाजातली कामेही काही प्रमाणात अदलाबदल होऊ शकत, असे त्यांचे म्हणणे. उदाहरणार्थ, श्रीमंत स्त्रीला रीतसर देणे देऊन दुसऱ्या मुलीला आपल्या घरी आणता येई. त्या मुलीची अपत्ये मग त्या श्रीमंत स्त्रीच्या घराची मानली जात. मुलगा नसलेल्या घरात मुलीला मुलाचे स्थान देण्याचीही रीत काही ठिकाणी होती.

याचा अर्थ तेथे स्त्री-पुरुष समान होते, असा मात्र नाही. पाहुण्याच्या स्वागताला कोला नावाचे फळ फोडण्याची इग्बोंची मोठी प्रथा आहे. कोलाला फक्त इग्बो भाषा समजते असे ते मानतात, म्हणून त्यावरची प्रार्थना इग्बोतच करायची. पण ते फळ फोडण्याचा मान परंपरेने पुरुषाचाच. घरात बाई कितीही कर्तबगार असली तरी त्या वेळी तिने बाजूला राहायचे. भाषेत भेद नाही, रूढीत मात्र आहे. फ्लोराबाईंचे सारे लेखन याच फटीतून उगवले, असे आम्हांस वाटते.

बायकांच्या लढ्यानंतरचा जन्म

जुन्या काळी बहुतेक इग्बो गावांत राजा नसे. गावसभा कारभार पाही आणि बायकांच्या वेगळ्या सभा असत. माहेरच्या लेकींची 'उमुआडा' ही संघटना तर फार वजनदार. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या लेकीही माहेरचा तंटा सोडवायला एकत्र येत आणि भाऊबंदांना त्यांचे ऐकावे लागे. एखादा पुरुष बायकोला फार छळू लागला किंवा बाजाराचे नियम मोडू लागला, तर साऱ्या बायका त्याच्या दारात ठाण मांडत. गाणी म्हणून त्याची टर उडवत, मुसळे आपटत, आणि त्याने चूक कबूल करेपर्यंत हलत नसत.

इंग्रज राज्यकर्त्यांना ही व्यवस्था कळली नाही. त्यांनी गावोगाव सनद देऊन मुखिये नेमले. हे सगळे मुखिये जवळपास पुरुषच. बायकांच्या सभांना सरकारदरबारी जागाच उरली नाही. १९२८ मध्ये पुरुषांवर कर बसला. १९२९ च्या नोव्हेंबरात ओलोको गावात मुखियाचा माणूस न्वान्येरुवा नावाच्या बाईच्या अंगणात आला आणि घरातली माणसे व जनावरे मोजायला सांगू लागला. आता बायकांवरही कर येणार, हे तिने ओळखले. तिने बायकांची सभा गाठली. ताडाची पाने हातोहात गावोगाव फिरली, तोच निरोप समजून हजारो स्त्रिया जमल्या. पाहता पाहता हे आंदोलन आग्नेय नायजेरियात पसरले. सरकारने गोळीबार केला आणि पन्नासहून अधिक स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. सरकारी कागदांत या घटनेला दंगल म्हटले गेले. इग्बो बायका मात्र तिला बायकांचे युद्ध म्हणतात. सनदी मुखियांची ती पद्धत पुढे मोडीत निघाली.

या घटनेला जेमतेम सव्वा वर्ष होत असताना, १३ जानेवारी १९३१ रोजी, त्याच आग्नेय भागातील ओगुटा या गावी फ्लोरा यांचा जन्म झाला. वडील ख्रिस्तोफर इजेओमा न्वापा हे युनायटेड आफ्रिका कंपनी या व्यापारी कंपनीचे प्रतिनिधी, तर आई मार्था शिक्षिका. सहा भावंडांत फ्लोरा थोरल्या. त्यांच्या नावांपैकी एक नाव होते न्किरू. पुढे जे येणार आहे ते अधिक मोठे आहे, असा त्या नावाचा भाव.

तळे आणि तळ्याची देवी

ओगुटा हे गाव मोठ्या नैसर्गिक तळ्याच्या काठी वसले आहे. उराशी नदी या तळ्याला येऊन मिळते आणि दोन्हींच्या पाण्याचे रंग वेगवेगळे दिसतात. तळ्यात उहामिरी नावाची देवी राहते, अशी तेथील लोकांची श्रद्धा. तिला ओग्बुइडे असेही म्हणतात. इग्बोंचा पारंपरिक आठवडा चार दिवसांचा असतो : एके, ओरिए, आफो आणि न्क्वो. त्यातला ओरिए हा देवीचा वार. त्या दिवशी तळ्यात मासेमारी करायची नाही, असा नियम.

ओगुटा हे पाम तेलाच्या व्यापाराचे ठिकाण होते आणि त्या व्यापारात स्त्रिया आघाडीवर होत्या. होडीतून माल नेणाऱ्या, उधारी वसूल करणाऱ्या, भाव पाडून घेणाऱ्या या बायका लहानग्या फ्लोराने जवळून पाहिल्या. त्यांच्या गप्पा, भांडणे, नवस आणि गाणी ऐकत ती वाढली. शाळेतल्या पुस्तकांत मात्र यांपैकी काहीच नव्हते.

शिक्षण आणि नोकरी

ओगुटा, पोर्ट हारकोर्टजवळचे एलेलेन्वा आणि लागोस येथे त्यांचे शालेय शिक्षण झाले. १९५३ मध्ये त्यांनी इबादानच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रवेश घेतला आणि १९५७ मध्ये पदवी मिळवली. मुली कॉलेजात फारशा दिसत नसत, असा तो काळ. नंतर स्कॉटलंडला जाऊन १९५८ मध्ये त्यांनी एडिनबरा विद्यापीठाची शिक्षणशास्त्राची पदविका घेतली.

मायदेशी परतल्यावर त्या कालाबार येथे शिक्षणाधिकारी झाल्या आणि मग एनुगूच्या क्वीन्स स्कूल या मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. इंग्रजी आणि भूगोल हे त्यांचे विषय. १ ऑक्टोबर १९६० रोजी नायजेरिया स्वतंत्र झाला. १९६२ मध्ये फ्लोराबाई लागोस विद्यापीठात सहायक कुलसचिव म्हणून रुजू झाल्या. तोवर त्यांच्या हातून एक कादंबरी लिहून झाली होती.

एक गिनी आणि एक कादंबरी

१९५८ साली चिनुआ अचेबे या इग्बो लेखकाची पहिली कादंबरी लंडनला प्रसिद्ध होऊन जगभर गाजली. इग्बो गाव, तेथील पंच आणि कुस्तीगीर त्यातून जगाला दिसले. पण ती गोष्ट मुख्यतः पुरुषांची होती. त्यातील बायका कडेकडेने वावरतात. फ्लोराबाईंनी आपल्या कादंबरीचे हस्तलिखित १९६२ मध्ये याच अचेबे यांच्याकडे वाचायला पाठवले. त्यांना ते आवडले. त्यांनी प्रोत्साहनाचे उत्तर तर पाठवलेच, शिवाय लंडनच्या हाइनमन प्रकाशनाकडे हस्तलिखित धाडण्यासाठी टपालखर्च म्हणून एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, सोबत पाठवले. अनुभवी लेखकाने नवख्या लेखिकेला द्यावयाची मदत कशी असावी, याचा हा नमुना होय.

१९६६ मध्ये ही कादंबरी 'एफुरू' या नावाने प्रसिद्ध झाली. हाइनमनच्या आफ्रिकी लेखकांच्या मालिकेत स्थान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. इंग्रजीत कादंबरी प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकेतील अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. त्याच वर्षी केनियाच्या ग्रेस ओगोट यांचीही कादंबरी निघाली.

एफुरू ही कादंबरीची नायिका. देखणी, हुशार, हाताला यश असलेली व्यापारी बाई. ती आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न करते. शेतात राबायला नकार देते आणि व्यापार सांभाळते. तिला एक मुलगी होते, पण ती लहानपणीच दगावते. नवरा सोडून जातो. दुसरे लग्नही टिकत नाही. वर तिच्या चारित्र्यावर खोटा आळ येतो. शेवटी ती वडिलांच्या घरी परतते आणि तळ्याच्या देवीची सेविका होते. उहामिरी आपल्या भक्त स्त्रियांना रूप देते, संपत्ती देते, मूल मात्र देत नाही. कारण तिला स्वतःलाच मूल नाही. मग बायका तिला का पूजतात? या प्रश्नापाशी लेखिका आपल्याला सोडून देते. उत्तर सांगत नाही.

मूल नसलेल्या स्त्रीला इग्बो समाजात काय काय सोसावे लागे, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नाचे धाडस कळते. आई होणे ही मोठी गोष्ट आहे, हे फ्लोराबाईंनी कधी नाकारले नाही. पण आई न झालेली बाईही पुरी बाई आहे, तिचे जगणे वाया गेलेले नाही, हे त्यांनी कोणतेही भाषण न करता गोष्टीतून मांडले. पुढे बुची एमेचेटा या दुसऱ्या इग्बो लेखिकेने 'एफुरू'च्या शेवटावरूनच आपल्या १९७९ च्या एका कादंबरीचे नाव घेतले. त्या कादंबरीतील आईला मुले आहेत, तरीही ती एकाकी मरते. एका लेखिकेने विचारलेला प्रश्न दुसरीने अशा रीतीने पुढे नेला.

'एफुरू' इंग्रजीत असली तरी तिचे कान इग्बो आहेत. पानेच्या पाने बायका बोलत राहतात. कुणाची प्रकृती, कुणाची उधारी, कुणाची सून. त्या काळच्या काही टीकाकारांना हे खटकले. ही तर बायकांची निरर्थक बडबड, कादंबरी कुठे आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. पुढच्या पिढीतील अभ्यासकांना उलट दिसले. ज्या समाजात बायकांची सभा न्याय करत होती आणि बायकांचे गाणे माणसाला वठणीवर आणत होते, तेथे बायकांचे बोलणे हीच एक संस्था होती. ती संस्था सरकारी कागदांतून पुसली गेली. फ्लोराबाईंनी ती कादंबरीत जपून ठेवली.

त्यांनी इग्बोतच का लिहिले नाही, असा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात नक्कीच येईल. इग्बोत कादंबरी नव्हती असे नाही. पीटा न्वाना यांची 'ओमेनुको' १९३३ मध्येच निघाली होती. पण इग्बो लिहायची कशी यावरच पुढे वर्षानुवर्षे वाद चालला आणि १९६१ मध्ये कुठे अधिकृत वर्णमाला ठरली. शाळा-कॉलेजचे शिक्षण इंग्रजीत झालेले, छापखाने आणि ग्राहक इंग्रजीचे. त्या पिढीतील बहुतेकांनी तोच मार्ग धरला. त्याची किंमतही त्या समाजाला मोजावी लागली. आज नायजेरियाच्या शहरांत अनेक इग्बो पालक मुलांशी इंग्रजीतच बोलतात, आणि जी बोली फ्लोराबाईंनी कानांत साठवली ती घरातूनच उणी होत चालली आहे.

युद्ध आणि त्यानंतर

१९६७ मध्ये फ्लोराबाईंचा गोगो न्वाकुचे या उद्योजकाशी विवाह झाला. त्याच वर्षी देशावर मोठे संकट कोसळले. इग्बोंवर झालेल्या कत्तलींनंतर ३० मे १९६७ रोजी पूर्व भागाने बियाफ्रा नावाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि यादवी युद्ध पेटले. ते जानेवारी १९७० पर्यंत चालले. नाकेबंदीमुळे दुष्काळ पडला आणि लाखो माणसे, विशेषतः लहान मुले, भुकेने गेली. सप्टेंबर १९६८ मध्ये ओगुटाही काही दिवस सरकारी फौजांच्या ताब्यात गेले. गावकरी पळाले, मग परतले. देवीनेच गाव राखले, असे पुष्कळांनी मानले. १९७५ च्या 'नेव्हर अगेन' या छोट्या कादंबरीत त्यांनी हा अनुभव मांडला आहे. त्यात शौर्याची वर्णने नाहीत. खोट्या आशा दाखवणारे पुढारी आहेत आणि गाठोडे बांधून मुले सांभाळत चालणाऱ्या बायका आहेत.

युद्ध संपल्यावर त्या ईस्ट सेंट्रल राज्याच्या मंत्रिमंडळात गेल्या. १९७० ते १९७१ आरोग्य व समाजकल्याण आणि १९७१ ते १९७४ भूमी, मोजणी व नगरविकास ही खाती त्यांच्याकडे होती. युद्धात अनाथ झालेल्या सुमारे २००० मुलांसाठी घरे शोधणे, हे त्यांच्या पहिल्या खात्याचे एक काम होते. ज्यांनी मूल नसलेल्या बाईची गोष्ट लिहिली, त्यांच्या वाट्याला आई नसलेल्या मुलांची जबाबदारी आली.

लेखिका झाली दुकानदार

मंत्रिपद सुटल्यावर फ्लोराबाई स्वस्थ बसल्या नाहीत. लंडनहून छापून येणारी पुस्तके नायजेरियात महाग पडत आणि पुरेशी पोचतही नसत. मग आपली पुस्तके आपणच का छापू नयेत? १९७० च्या दशकात त्यांनी एनुगू येथे ताना प्रेस ही संस्था काढली आणि मुलांच्या पुस्तकांसाठी आपल्या नावाची दुसरी संस्थाही सुरू केली. आफ्रिकेत स्त्रीने चालवलेल्या अगदी पहिल्या प्रकाशनसंस्थांत त्यांची गणना होते. कागद मिळवायचा, छपाई करून घ्यायची, पुस्तके विकायची आणि पैसे वसूल करायचे, अशी सगळी कामे आली. ओगुटाच्या बाजारातील बायका जे पाम तेलाचे करत होत्या, तेच त्यांनी पुस्तकांचे केले.

मुलांसाठी त्यांनी 'मॅमीवॉटर' हे पुस्तक १९७९ मध्ये लिहिले. परदेशी मुलांच्या, परदेशी हिवाळ्याच्या गोष्टी वाचून मोठ्या होणाऱ्या नायजेरियन मुलांना आपल्याच पाण्यातली देवी पुस्तकात भेटावी, हा त्यामागचा हेतू.

त्यांच्या कादंबऱ्यांतील बायका काळाबरोबर बदलत गेल्या. १९७० च्या 'इडू' मधील नायिका नवरा वारल्यावर रूढीप्रमाणे दिराची बायको होण्यास नकार देते आणि प्राण सोडते. १९८१ च्या 'वन इज इनफ' मधील अमाका सासूचा अपमान सोसत न बसता लागोस गाठते आणि स्वतःच्या धंद्यावर उभी राहते. अकरा वर्षांत नकार तोच राहिला, पण तो देणारी बाई आता जिवंत राहते. शहर, शिक्षण आणि हातातला पैसा यांनी हा बदल घडवला. मात्र अमाकाच्या पाठीशी उमुआडांची ती जुनी सभा नाही. शहरात तिला नव्या मैत्रिणी जोडाव्या लागतात. बदलत्या जगात बाईला काय मिळाले आणि काय गमवावे लागले, हा हिशेब फ्लोराबाईंनी दोन्ही बाजूंनी मांडला.

अखेर

नायजेरिया सरकारने त्यांचा राष्ट्रीय सन्मान केला. १९८९ मध्ये मैदुगुरी विद्यापीठाने त्यांना अभ्यागत प्राध्यापक म्हणून बोलावले. अमेरिकेतील एका विद्यापीठात शिकवायला जाण्याची तयारी सुरू असताना त्यांना न्यूमोनियाने गाठले. १६ ऑक्टोबर १९९३ रोजी एनुगू येथे, वयाच्या ६२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ओगुटालाच त्यांना मूठमाती देण्यात आली. तळ्याच्या देवीवरील त्यांची शेवटची कादंबरी हस्तलिखितात राहिली आणि बऱ्याच वर्षांनी प्रसिद्ध झाली.

त्यांच्यामागे जग थांबले नाही. इग्बो रूढीप्रमाणे मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा नसे. एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही रूढी घटनाबाह्य ठरवली. २०१६ मध्ये 'एफुरू'ला पन्नास वर्षे झाली, तेव्हा नायजेरियाच्या अनेक शहरांत समारंभ झाले आणि ओगुटाच्या लोकांनीही आपल्या लेकीची आठवण साजरी केली.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, फ्लोरा न्वापा यांच्याजवळ आरंभी काय होते? एक तळे, एक बाजार आणि बायकांच्या गप्पा ऐकणारे कान. हे साहित्य प्रत्येकाच्या घरी असते. तुमच्या घरीही आजी, मावशी, आत्या, शेजारच्या काकू बोलत असतात. त्यांच्या बोलण्यातले कितीतरी शब्द तुमच्या पाठ्यपुस्तकात नाहीत. या सुट्टीत त्यांपैकी एकीचे म्हणणे निवांत ऐका आणि जसे ऐकले तसे, तिच्याच शब्दांत, चार पाने लिहून काढा. शुद्धलेखनाची काळजी नंतर करू. पालकांनाही आमची विनंती आहे की मुले वही घेऊन आली तर त्यात काय लिहायचे, असे म्हणून त्यांना परत पाठवू नका. असेच म्हणणाऱ्यांना फ्लोराबाईंनी उत्तर दिले होते, आणि ते देण्यासाठी त्यांनी कादंबरी लिहिली होती.